माझे पाय कोणी तपासायचे?

मला जायगँटिझम होता, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीवरची गाठ ग्रोथ हॉर्मोन, वाढीचं हॉर्मोन, जास्त बनवायची आणि मी उंच होत राहायचे. ती गाठ काढून माझी वाढ थांबली, त्याला आता बरीच वर्षं झाली. दर वर्षी रक्ताचे रिपोर्ट येतात, ग्रोथ हॉर्मोनचं काम किती चाललंय ते दाखवणारा आयजीएफ-१ माझ्या वयाला हवा तेवढाच असतो, मुंबईचे डॉक्टर समाधानाने मान हलवतात आणि घरचे म्हणतात, सुटलो एकदाचे. माझी उंची सहा फूट सात इंच आणि वजन एकशे दहा किलोच्या आसपास आहे. गाठ गेली तरी हे शरीर माझ्याकडे राहिलंच. ते ज्या दोन पायांवर उभं आहे त्या पायांविषयी माझ्या जाडजूड फाइलीत इतक्या वर्षांत एक ओळही लिहिलेली नव्हती. ज्यांच्या घरात असं भराभर वाढणारं मूल आहे, त्यांनी पुढचं सगळं वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आजाराबद्दल थोडक्यात सांगते. नववीत मी वर्गातल्या सगळ्या मुलांपेक्षा उंच होते, अकरावीत घराच्या चौकटीखालून वाकून जायला लागले. पाळी आलेली नव्हती. डोकं ठणकायचं, आणि रस्ता ओलांडताना बाजूने येणारी रिक्षा दिसायची नाही. दोन्ही कडांची नजर कमी झाली आहे हे आमच्या नाशिकमधल्याच एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी ओळखलं आणि एमआरआय करायला लावला. मग मुंबईत ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दर अर्ध्या तासाने रक्त घेतलं. निरोगी माणसाचं ग्रोथ हॉर्मोन साखर प्यायल्यावर खाली जातं, माझं गेलं नाही. वयात येण्याच्या शेवटी लांब हाडांच्या टोकांजवळची कूर्चा हाडात बदलते आणि उंची थांबते. माझ्या गाठीने ग्रंथीवर दाब देऊन बाकीची हॉर्मोनं रोखून धरली होती, त्यामुळे पाळीही आली नाही आणि ती कूर्चाही मिटली नाही. हाडं वाढतच राहिली. नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन झालं. गाठीचा थोडा भाग राहून गेला, म्हणून दर चार आठवड्यांनी कमरेत ऑक्ट्रिओटाइडचं, म्हणजे ग्रोथ हॉर्मोन दाबून ठेवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन.

ऑपरेशननंतर काही महिन्यांत माझ्या सँडल सैल झाल्या. आईला केवढा आनंद झाला होता! पाय लहान होतायत असं तिला वाटलं. ग्रोथ हॉर्मोनमुळे त्वचेखालच्या मऊ भागात पाणी साठतं आणि तो भाग जाड होतो, हॉर्मोन उतरलं की ती सूज थोडी ओसरते. हाड मात्र जिथवर वाढलं तिथेच राहतं. सांधे, बोटांचे वाक, सैल पडलेले अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडं बांधून ठेवणारे पट्टे, हेही मागे फिरत नाहीत. हे त्या वेळी आम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं, कारण तेव्हाच पायांकडे नीट बघायला सुरुवात करता आली असती.

एक साधा हिशेब मी नंतर स्वतः करून बघितला. पाच फूट तीन इंचांची बाई सगळ्या बाजूंनी सव्वापट केली तर ती माझ्या उंचीला येते. तिच्या तळपायाचं क्षेत्रफळ दीडपटीच्या किंचित वर जातं, वजन मात्र जवळजवळ दुप्पट होतं. म्हणजे तळपायाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर तिच्यापेक्षा पाव हिस्सा जास्त भार. तोही सैल अस्थिबंधांवर, त्यामुळे कमान खचते, घोटा आत झुकतो आणि भार चवड्याच्या एकाच ठिकाणी गोळा होतो. त्यात घाम. या आजारात घामाच्या ग्रंथीही जास्त काम करतात, माझे पाय भर डिसेंबरातही ओले असतात, आणि पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या ठरलेल्याच.

मेन रोड आणि शालिमारची चपलांची दुकानं आईने आणि मी पालथी घातली होती. बायकांच्या मापांचा विषय शाळेतच संपला. माझा डावा पाय ३३ सेंटिमीटर, उजवा त्याहून जरासा कमी. पुरुषांच्या अकरा नंबरात टाच कशीबशी बसायची आणि बोटं पुढे दुमडून राहायची. वाढीच्या वयात वर्षानुवर्षं दुमडलेली बोटं तशीच आखडली, वरच्या सांध्यांवर कुरुपं झाली, अंगठ्याच्या कडेला नखुरडं सारखं पिकायचं. दादाने पुढचा भाग कापून सँडल उघड्या केल्या, तेव्हा बोटं बाहेर आली. मग त्यांना ठेच लागायची. ठेच लागली की पूर्वी डोळ्यांत पाणी यायचं. हळूहळू ते कमी झालं, आणि आम्हा सगळ्यांना वाटलं की पाय सरावले.

पाय सरावले नव्हते, ते बधिर झाले होते. हे कळलं काळारामाच्या मंदिरात. रामनवमीला आम्ही दरवर्षी जातो, पंचवटीतच घर असल्यामुळे ते चुकत नाही. भर दुपारी जन्मोत्सव होतो. अंगणातला दगड त्या वेळेला असा तापलेला असतो की लोक चवड्यांवर उड्या मारत सतरंजीकडे पळतात. त्या वर्षी गर्दीमुळे मी सतरंजीच्या बाहेर उभी होते, आरती संपेपर्यंत. आईने मागे वळून बघितलं आणि म्हणाली, "अगं, पाय भाजत नाहीत का तुझे?" मला खरंच काही होत नव्हतं. संध्याकाळी दोन्ही तळव्यांवर फोड उठले होते, डाव्या चवड्याखालचा तर सुपारीएवढा. दुखत नव्हता.

जवळच्या एका दवाखान्यात भाजल्याचं मलम आणि ड्रेसिंग झालं, वजन कमी करा असा सल्ला मिळाला. फोड का आले हे विचारलं गेलं, चटका का कळला नाही हे कोणी विचारलं नाही. बाकीचे फोड सुकले, डाव्या अंगठ्याच्या बुडाशी असलेली जखम मात्र भरून येईना. कडेने पांढरी जाड कातडी, मध्ये लाल खड्डा. माझ्या धाकट्या काकूला मधुमेह आहे. तिनेच गंगापूर रोडवरच्या मधुमेही पायांच्या दवाखान्यात नेलं. मला मधुमेह नाही, साखर काठावर असते एवढंच, कारण ग्रोथ हॉर्मोन इन्शुलिनच्या विरोधात काम करतं. काकू म्हणाली, "पाय बघणारे तेच आहेत, चल."

तिथे जे झालं ते मी सविस्तर सांगते, कारण हीच तपासणी माझ्या सोळाव्या वर्षी व्हायला हवी होती आणि तिला फार काही लागत नाही.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी चपलेत हात घातला. आतला शिवणीचा उंचवटा, खिळ्याचं टोक, दबलेला भाग, सगळं बोटांनी चाचपून बघितलं. मग एक नायलॉनचा जाड दोरा काढला, त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. तो टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅमच्या जोराला वाकतो. "डोळे मिटा, आणि दोरा टेकला असं वाटलं की हो म्हणा." मी डोळे मिटून वाट बघत राहिले. बाहेर रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. मॅडम "उघडा" म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, अजून सुरुवात व्हायची आहे. त्यांचं दोन्ही पायांचं झालेलं होतं. काकूने तोंडावर पदर धरला होता.

नंतर १२८ हर्ट्झचा चिमट्यासारखा काटा वाजवून हाडावर ठेवला. अंगठ्यावर काहीच कळलं नाही, घोट्यावर नाही, गुडघ्यावर बारीकशी थरथर. बायोथेसिओमीटर नावाचं यंत्र तीच थरथर व्होल्टमध्ये मोजतं. २५ व्होल्टच्या पुढे कळायला लागलं तर पायाला जखम होण्याचा धोका मोठा समजतात. माझा आकडा त्याच्या बराच पुढे होता. रक्ताचा प्रवाह तपासणाऱ्या डॉप्लर यंत्रावर रक्तपुरवठा चांगला निघाला, ही एक मोठी गोष्ट, कारण जखम भरायला रक्तच लागतं. पायाचा बाजूने एक्स-रे काढला तेव्हा मॅडमनी टाचेखालच्या गादीची जाडी मोजून दाखवली. बायकांमध्ये ती साधारण २३ मिलिमीटरच्या पुढे गेली तर या आजाराची शंका घेतात, पुरुषांमध्ये २५. शेवटी दाब मोजणाऱ्या एका पाटावर अनवाणी चालवलं. पडद्यावर पायाचे ठसे रंगांत उमटले, आणि जिथे जखम होती तिथे ठळक लाल.

"साखर जास्त नसतानाही नसा कशा गेल्या?" काकूने विचारलं. मॅडमनी सांगितलं की हॉर्मोनमुळे नसाही जाड होतात, त्यांच्यावरचं आवरण बिघडतं, घोट्याच्या आतल्या अंगाला अरुंद जागेतून जाणारी नस आजूबाजूच्या सुजेने दाबली जाते. शिवाय सगळ्यात लांबच्या नसा पायाच्या, म्हणून पहिला फटका तिथे. गेलेली संवेदना पूर्ण परत येईल असं आश्वासन त्यांनी दिलं नाही. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. खोटी आशा आमच्या घराने खूप वर्षं पुरवून वापरली होती.

त्या रात्री मी रॉबर्ट वॉडलोबद्दल पुन्हा वाचलं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या ऑल्टन गावचा हा मुलगा २७२ सेंटिमीटर उंच होता, नोंद झालेल्या माणसांत सगळ्यात उंच. आमच्यासारख्यांच्या घरात त्याचा फोटो कोणीतरी कधीतरी आणून दाखवतंच. त्याला पायांत संवेदना फार कमी होती, चालायला आधाराच्या पट्ट्या लागत. १९४० च्या जुलैमध्ये मिशिगनमधल्या मॅनिस्टी गावी एका समारंभाला गेला असताना नीट न बसलेली पट्टी घोट्यावर घासली, फोड आला, त्यात जंतुसंसर्ग झाला. १५ जुलैला तो गेला. वय अवघं २२. पेनिसिलिन रुग्णांना मिळायला लागायच्या थोडं आधीची ही गोष्ट. त्याची उंची सगळ्यांना पाठ असते. घोट्यावरच्या फोडाने गेला, हे मला तरी आधी कोणी सांगितलं नव्हतं.

जखमेवरचा उपाय म्हणजे तिच्यावरचा भार काढणं. मलम दुय्यम. मॅडमनी कडेची मेलेली कातडी काढली आणि पायाला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट घातलं. हे प्लास्टर तळव्याला आणि पोटरीला सगळीकडून चिकटून बसतं, त्यामुळे भार एका जागी न पडता पूर्ण पायावर वाटला जातो. ठरावीक दिवसांनी ते कापायचं, जखम मोजायची, सूज उतरली असेल त्या मापाने नवीन घालायचं. माझ्या पायाला पट्ट्यांचे रोल नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागत. कुबड्यांचं शेवटचं भोक लावूनही त्या मला आखूड पडत होत्या. दादाने अंबडच्या एका वर्कशॉपमधून नळी जोडून आणली. मी पतसंस्थेत हिशेब बघते, बसून काम असल्यामुळे रजा फारशी पडली नाही. टेबलाखाली स्टूल ठेवून पाय वर घेऊन बसायचे. जखम पावसाळ्याच्या तोंडाशी भरली.

आणि मग मॅडम म्हणाल्या की खरं काम आता सुरू. जुन्या चपला घातल्या तर तीच जखम पुन्हा होणार.

बधिर पायांसाठी आपल्याकडे एमसीआर चपला मिळतात, मायक्रोसेल्युलर रबराच्या. त्यांचं मूळ कुष्ठरोगाच्या कामात आहे. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिलं की कुष्ठरोग्यांचे पाय आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नसल्यामुळे रोजच्या चालण्यानेच त्यांना जखमा होतात, आणि योग्य पादत्राण असेल तर त्या टळतात. माझ्या पायांना तेच लागू होतं. मापाची तयार जोडी मात्र मिळण्यासारखी नव्हती. दवाखान्याने अशी पादत्राणं बनवणाऱ्या एका कारागिरांचा पत्ता दिला, भद्रकालीत एका बोळात त्यांची जागा आहे.

त्या कारागीर काकांनी मला बघून काहीही विचारलं नाही. "संध्याकाळी या," म्हणाले, "सकाळचं माप खोटं असतं." दिवसभरात पाय सुजतो, म्हणून माप संध्याकाळचं. आधी बसवून कागदावर पायाची रेघ काढली, मग उभं करून त्याच कागदावर दुसरी. उभं राहिल्यावर माझा चवडा किती पसरतो ते दोन रेघांमधल्या अंतरात दिसलं. चवड्याचा घेर, पायाच्या वरच्या कमानीचा, टाचेपासून वरपर्यंतचा, घोट्याचा, सगळं टेपने घेतलं, दोन्ही पायांचं वेगळं. पाय फोमच्या खोक्यात रुतवून ठसा घेतला, त्यावरून प्लास्टरचा साचा. माझ्याएवढा साचा त्यांनी आधी केला नव्हता. मी मोबाइलवर जर्मनीतल्या व्रेडेन गावच्या गेओर्ग वेसल्स यांचे फोटो दाखवले, जगभरातल्या अतिउंच माणसांसाठी बूट शिवणारे हे कारागीर. काका फोटो मोठे करून करून बघत होते, शिवण कुठून फिरवली आहे ते.

त्यांनी शिवलेल्या जोडीत आतून एकही शिवण नाही, एकही खिळा नाही, सगळं चिकटवलेलं. तळाला मऊ एमसीआर, त्याखाली कडक आणि पुढे किंचित वर वळलेला सोल, म्हणजे पाऊल उचलताना चवडा न वाकता पुढे कलतो आणि अंगठ्याच्या बुडावर जोर येत नाही. बोटांच्या वर मोकळी जागा, कारण माझी बोटं सपाट नाहीत. नाडीऐवजी वेल्क्रो, सुजेप्रमाणे सैल करता येतं.

नव्या जोडीची सवय लावणं हा वेगळाच उपक्रम होता. पहिल्या दिवशी थोडाच वेळ घालायची, काढून पाय बघायचे. कुठे लाली दिसली तर घड्याळ लावायचं. वीस मिनिटांत गेली नाही तर तिथे दाब आहे, काकांकडे परत. डाव्या घोट्याच्या आत पट्टा घासत होता. मला अर्थातच काही जाणवत नव्हतं, आईने संध्याकाळी बघितलं म्हणून कळलं. वॉडलोच्या घोट्याचं वाचलेलं डोक्यात होतं, मी त्याच संध्याकाळी रिक्षा करून भद्रकालीत गेले. काकांनी रापी घेतली, पट्टा उकलला, खालून मऊ अस्तर देऊन अर्धा बोट वर बसवला.

आता रोज रात्री पाय बघणं हे जेवणाइतकं नेमाचं झालं आहे. गुडघे आणि पाठ दोन्ही कुरकुरतात, त्यामुळे वाकून तळवा दिसत नाही. जमिनीवर आरसा ठेवते, नाहीतर मोबाइलने फोटो काढते. फोटोचा फायदा असा की कालच्याशी ताडून बघता येतं. बोटांच्या बेचक्या सुती फडक्याने टिपून कोरड्या करायच्या. टाचेला खोबरेल तेल, बेचक्यांत मुळीच नाही. नखं सरळ कापायची, कोपरे खोल घ्यायचे नाहीत. वजरीने घासणं बंद, ब्लेडने कुरूप काढणं बंद, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुरूप काढायच्या पट्ट्याही बंद, कारण त्यातलं अ‍ॅसिड बधिर कातडीला कुठवर खातंय ते कळत नाही. आंघोळीच्या पाण्यात आधी कोपर घालून बघायचं. मोजे दिवसातून दोनदा बदलायचे, पावसात पर्समध्ये तिसरा जोड. एमसीआर काही महिन्यांत दबून चपटं होतं, त्यामुळे वरून चांगली दिसणारी जोडीही आतून बदलावी लागते.

देवळाचा प्रश्न नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला टाळता येत नाही. मी आता जाड पांढरे सुती मोजे घालूनच आत जाते, उन्हाच्या वेळी जातच नाही, काकड आरतीला जाते. एकदा एका बाईंनी मोज्यांवरून हटकलं. मी त्यांना मोजा काढून तळवा दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पायऱ्या उतरताना माझा हात धरला.

हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे मी आता रिपोर्टच्या आधी पाय वर करून दाखवते. पहिल्यांदा ते दचकले, नंतर त्यांनी स्वतः मोनोफिलामेंट मागवून घेतला. ही फार महागाची वस्तू नाही आणि तपासणीला पाच मिनिटं पुरतात. हॉर्मोनवाले रक्त बघतात, हाडांचे डॉक्टर गुडघा बघतात, त्वचेचे डॉक्टर चिखल्या बघतात. तळवा त्यांच्या मधल्या जागेत पडतो. म्हणून आपण चप्पल काढून पाय पुढे करायचा आणि तपासा म्हणून हट्ट धरायचा. या आजारात लाजेचा वाटा मोठा असतो, मी कॉलेजमध्ये साडीचा घोळ पायावर ओढून बसायचे, हे मला माहीत आहे. तरीही पाय पुढे करायचा.

सिन्नरकडचं एक कुटुंब दवाखान्यामार्फत माझ्याकडे आलं होतं. मुलगा पंधरा वर्षांचा, उंची माझ्याजवळ आलेली, ऑपरेशनची तारीख ठरलेली. वडील सगळं ऑपरेशनबद्दल विचारत होते, मुलगा खुर्चीखाली पाय लपवून बसला होता. मी त्याला सँडल काढायला सांगितली. बोटं दुमडायला लागली आहेत, पण हाताने सरळ होतात, अजून आखडलेली नाहीत. मोनोफिलामेंटला त्याने प्रत्येक वेळी "हो" म्हटलं. काकांनी त्याचं माप घेतलं आणि पुढे बोटभर जागा ठेवून जोडी शिवायला घेतली आहे. ऑपरेशन होऊन हॉर्मोन उतरेपर्यंत त्याचं माप दर दोन महिन्यांनी पुन्हा घ्यायचं असं ठरलं आहे, आणि नंतर सूज ओसरली की परत एकदा.